‘प्रभूसाठी वेळ काढा’ असं सांगणाऱ्यांना

प्रति,
मंडळ्यांचे पाळक, पंच, वडील, डीकन आणि महिला मंडळांच्या पदाधिकारी यांस,

प्रभू येशूच्या गोड नावात आपणां सर्वांना सलाम.

हे पत्र कुठल्या एका मंडळीला, म्हणजे चर्चला, उद्देशून नाही. ज्या मंडळीत मी वाढले, जिथे माझा बाप्तिस्मा झाला, जिथे माझं लग्न लागलं, तिच्यावर माझा राग नाही. पण एक वाक्य गेली काही वर्षं मनात ठाण मांडून बसलंय. ते मी इतक्या ठिकाणी, इतक्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की ते आता माझ्या एकटीचं दुखणं राहिलेलं नाही. म्हणून उघड लिहिते आहे.

ते वाक्य असं: ‘घरच्या व्यापातून थोडा प्रभूसाठीही वेळ काढत जा.’

मला ते वार्षिक सभेनंतर सांगितलं गेलं. सेवेत असलेल्या सभासदांची यादी नुकतीच वाचून झाली होती. कोण गायनमंडळात, कोण संडे स्कूलला, कोण उपवास-प्रार्थनेला नेमाने हजर. माझं नाव त्यात नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं. सांगणाऱ्या ताई प्रेमळ आहेत. त्यांनी खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगितलं. मी मान हलवली आणि घाईने घरी गेले, कारण सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती.

सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा अर्धीमुर्धी राहिली. ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पण आपल्यातल्या पुष्कळांनी असा आजार फक्त प्रार्थनेच्या विनंतीत ऐकलेला असतो, म्हणून सांगते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसाही आणि रात्रीही. नाही बदलली तर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर आधी लाली येते. बोटाने दाबल्यावर ती लाली क्षणभर फिकी पडायला हवी. पडली नाही तर समजायचं की कातडीच्या आत बिघडायला लागलंय. मग जखम होते आणि ती भरायला महिने जातात. म्हणून रात्री बारा, दोन, चार, सहा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा दुमडून घ्यायचा, अलगद आपल्याकडे वळवायचं आणि पाठीमागे उशी सारायची. चादरीला एकसुद्धा सुरकुती राहू द्यायची नाही. मग पाठीवरून तळहात फिरवायचा. ओलं आहे का, गरम आहे का, काही टोचतंय का. पुढे पुढे दिवा न लावताही मला ते कळायला लागलं होतं.

आणि आमचं दोघींचं कधी जमलेलं नव्हतं. हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं खोटं ठरेल. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’, ‘ए’, नाहीतर शेजारच्या खोलीकडे बघून नुसताच हुकूम. पहिली दोन वर्षं मी त्यांचं सगळं दातओठ खातच केलं. हात मऊ आणि मन कडू, अशी अवस्था होती. एका रात्री चादर बदलून मी पाठ टेकते न टेकते तोच ती पुन्हा ओली झाली. मी ओरडले. काय बोलले ते इथे लिहवत नाही. नवी चादर आणायला वळले आणि परत आले तेव्हा पाहिलं, सासूबाई चालत्या डाव्या हाताने अंगाखालची ओली चादर ओढून काढायचा प्रयत्न करत होत्या. मला पुन्हा उचलावं लागू नये म्हणून. ती निघत नव्हती. त्या ओढतच होत्या.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले आहे. येशू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. आजवर मी तो अध्याय धुणाऱ्याच्या बाजूने वाचत होते. त्या रात्री मला पेत्र दिसला. ‘तू माझे पाय कधीही धुणार नाहीस’ म्हणणारा पेत्र. ज्याला कुणाकडून काही करून घ्यायची सवय नाही, त्याने आपले मळके पाय दुसऱ्याच्या हातात देणं ही किती मोठी गोष्ट आहे! सासूबाई तेच रोज करत होत्या. जिला आयुष्यभर नावाने हाक मारली नाही, तिच्याच हातात सगळं शरीर सोपवून पडून राहत होत्या. मी समजत होते, त्यागी मीच. त्या घरात मीपण सोडून देणाऱ्या दोघी होत्या आणि त्यांतली माझी पायरी खालची होती.

प्रेम त्यानंतर आलं, हळूहळू आलं, आणि ते हातांतून आलं. आधी प्रेम दाटून आलं आणि मग सेवा झाली, असं माझ्या बाबतीत घडलं नाही. उपदेशांत नेहमी उलटा क्रम सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता त्या वाक्याकडे येते. घरच्या व्यापातून प्रभूसाठी वेळ काढायचा, म्हणजे घरचा व्याप प्रभूच्या हद्दीबाहेरचा, असा त्याचा अर्थ होतो. रात्री दोन वाजता मी कुणाच्या वेळेत उठत होते?

लूकच्या नवव्या अध्यायातलं तेविसावं वचन आपल्याला पाठ आहे. स्वतःचा त्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावं. हेच बोलणं मत्तय सोळाव्या अध्यायात देतो, मार्क आठव्यात देतो. पण लूकमध्ये एक शब्द जास्तीचा आहे: ‘दररोज’. बाकी दोघांत तो नाही. वधस्तंभ ही त्या काळी एकदाच उचलायची गोष्ट होती. ते लाकूड खांद्यावर घेऊन निघालेला माणूस परत घरी येत नसे. ते रोज उचला, असं म्हटल्यावर ऐकणारे बुचकळ्यात पडले असतील. एकदाच मरायचं असेल तर माणूस सगळं बळ एकवटून मरू शकतो. पण सकाळी उठून पुन्हा तेच, परवाही तेच, आणि कुणी बघतही नाही, तिथे धाडस कामाला येत नाही. तिथे सवय लागते, आणि सवय मोडून पडते तेव्हा कृपा लागते.

हाच लूक प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सांगतो की रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होऊ लागली आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. पुन्हा ‘रोज’. त्या कामासाठी सात जण निवडले गेले. अट काय घातली, तर माणसं आत्म्याने आणि ज्ञानाने परिपूर्ण असावीत. पंक्तीत वाढायला! डीकन बंधूंनो, आपलं पद ज्या ग्रीक शब्दावरून आलंय त्या शब्दाचा अर्थच सेवक, पंक्तीत वाढणारा, असा आहे. स्टेजवरच्या खुर्चीशी त्या शब्दाचं मुळात काही नातं नव्हतं.

मार्कच्या सातव्या अध्यायावर मात्र आपल्याकडे फार कमी उपदेश होतात. तिथे येशू परूशी आणि शास्त्री या धर्मपुढाऱ्यांना ‘कुर्बान’वरून बोलतो. आईबापांना जे द्यायचं, ते मी देवाला वाहिलं आहे, असं मुलाने एकदा जाहीर केलं की तो मोकळा. मग त्याला आईबापांसाठी काही करू दिलं जात नसे. येशूचा राग अर्पणावर नव्हता. देवाचं नाव पुढे करून घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाठ फिरवायची सोय लावली होती, तिच्यावर होता. हे वाचताना आपल्याला वाटतं, आपल्यात असलं काही नाही. पैशाचं कुर्बान आपल्यात क्वचित होत असेल. वेळेचं मात्र सर्रास होतं. रोज संध्याकाळी कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेला, जाणारा बाप मी पाहिलाय. त्याची मुलगी कितवीत आहे, हे त्याला आठवून सांगावं लागतं. मंडळीत त्याला ‘सेवेत झोकून दिलेला भाऊ’ म्हणतात. त्याच्या वाटची घरची कामं त्याची बायको ओढते आणि तिला कुणी काहीच म्हणत नाही. म्हणतात ते एवढंच की ताई हल्ली सभेला दिसत नाहीत.

मी दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबणार नाही. सासूबाई पडण्याआधी मी स्वतः महिला मंडळाची सेक्रेटरी होते. हजेरीची वही माझ्याकडे असायची. एक तरुण आई लागोपाठ तीन महिने गैरहजर होती. मी तिच्या घरी गेले, दारातच उभी राहिले आणि हेच वाक्य तिला ऐकवलं. तिच्या कडेवर तापाने मलूल झालेलं मूल होतं. मी ते पाहिलं आणि तरी बोलले. ती म्हणाली, ‘हो ताई, येईन.’ पुढच्या महिन्यात ती खरंच आली आणि मी वहीत समाधानाने खूण केली. त्या मुलाचा ताप उतरला का, हे मी विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिची क्षमा मागितली. तिला ते आठवतही नव्हतं. मला मात्र ती खूण अजून दिसते.

बरं, हे फक्त आजारपणाचं आणि बायकांचं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक नदीवर गेले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याने दोन अंगरखे असणाऱ्याला एक द्यायला सांगितलं. जकातदारांना सांगितलं, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, कुणाला दमदाटी करून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. स्वतः अरण्यात राहणारा हा माणूस त्यांतल्या एकालाही ‘नोकरी सोड आणि माझ्यासारखा अरण्यात ये’ म्हणाला नाही. त्याने प्रत्येकाला त्याच्याच टेबलाशी, त्याच्याच हिशोबाच्या वहीपाशी परत पाठवलं. देवासाठी काय करावं, याचं उत्तर त्यांच्या रोजच्या कामातच होतं, आणि ते त्यांना अंगरख्याहून महाग पडणारं होतं.

माझ्या ओळखीचा एक माणूस कचेरीत हिशोब सांभाळतो. नव्याने आलेल्या मुलाच्या हातून मोठी चूक झाली. चौकशी झाली तेव्हा यांनी सांगितलं, तपासून सही करणारा मी होतो, जबाबदारी माझी. ते खरंही होतं, पण कुणी विचारलं नसतं आणि त्या मुलाची नोकरी गेली असती. यांची बढती मागे पडली. घरी बायकोलाही त्यांनी कारण उशिरा सांगितलं. रविवारी ते मागच्या बाकावर बसतात. त्यांना साक्ष द्यायला कधी बोलावलं जाणार नाही आणि बोलावलं तरी ते उठणार नाहीत. साक्ष द्यायला आपल्याकडे आजार बरे झालेले, व्हिसा मिळालेले, परीक्षेत पास झालेले लोक येतात. देवाने दिलं म्हणून आभार मानणं योग्यच आहे. पण प्रभूमागे चालताना माझं काय गेलं, हे सांगणारी साक्ष मी इतक्या वर्षांत फारशी ऐकली नाही.

पहिल्या मंडळीची यादी कशी होती, ते पाहा. पौलाचं तीमथ्याला पहिलं पत्र, पाचवा अध्याय. विधवांची नावं पटावर घ्यायची होती. वय साठीच्या पुढे, आणि कामांबद्दल नावलौकिक हवा. कोणती कामं? मुलांना वाढवलंय का, पाहुण्यांना घरात घेतलंय का, पवित्र जनांचे पाय धुतलेत का, संकटात सापडलेल्यांना हात दिलाय का. पौलाने घातलेली प्रत्येक कसोटी उंबऱ्याच्या आतली आहे, नाहीतर उंबऱ्यावरची. त्याच अध्यायात तो हेही सांगतो की आपल्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. इतके कडक शब्द तो सहजासहजी वापरत नाही.

इथे एक गोष्ट नीट बोलायला हवी, नाहीतर हे पत्र भलत्याच कुणाच्या हातात काठी म्हणून जाईल. ‘आपला वधस्तंभ उचल’ हे वाक्य मी मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलेलं पाहिलंय. नवरा दारू पिऊन हात उगारतो, आणि बाई पाळकसाहेबांकडे रडत आली की तिला सांगितलं जातं, सहन कर, प्रार्थना कर, हाच तुझा क्रूस. भावाबहिणींतली एक अविवाहित मुलगी आईवडिलांच्या नावाने राबवली जाते, बाकीचे मोकळे, आणि तिला सांगितलं जातं की तुझं पाचारणच ते. पाळकसाहेब, हे शिष्यत्व नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणाविषयी म्हणतो, तो माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. जे हिसकावून घेतलं जातं ते अर्पण होत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर लाकूड ठेवून ‘हा तुझा वधस्तंभ’ म्हणणारे येशूच्या वधस्तंभाच्या गोष्टीत होते, पण ते रोमी शिपाई होते. त्या बाईला आधी सुरक्षित जागा द्या, पोलिसांत जायचं असेल तर बरोबर जा. स्वतःला नाकारणं हे ज्याचं त्याने करायचं असतं. ते दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही, आणि घरातल्या कमजोर माणसाकडून तर नाहीच नाही.

आणि थकण्याविषयी. आपल्याकडे थकवा म्हणजे विश्वासाची उणीव असं समजतात. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, खूप चालून गेल्यावर. येशू स्वतः वादळात, होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला होता. मला नऊ वर्षांत जी एक गोष्ट सर्वांत जास्त हवी होती, ती सलग चार तासांची झोप होती. त्यासाठी प्रार्थनेची विनंती द्यायची मला लाज वाटायची.

त्यागाची गोष्ट निघाली की आपल्याला मोठी नावं आठवतात. हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांमध्ये 1873 साली गेलेले फादर डेमियन, जे 1889 साली त्याच रोगाने वारले. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण मोठ्या नावांची अडचण अशी की आपण त्यांची तसबीर लावतो आणि सुटतो. मला जवळची वाटतात ती तिसऱ्या शतकातली बिननावाची माणसं. इसवी सन 250 नंतर रोमी साम्राज्यात भयंकर साथ पसरली. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांचं त्या साथीचं वर्णन करणारं पत्र युसेबियस या इतिहासकाराने ‘मंडळीचा इतिहास’ या आपल्या ग्रंथात जपून ठेवलंय. लोक आपल्याच आजारी माणसांना रस्त्यावर टाकून पळत होते. ख्रिस्ती बंधुभगिनी त्यांच्याजवळ बसले. मेलेल्यांचे डोळे मिटले, तोंडं बंद केली, त्यांना खांद्यावरून नेलं, अंघोळ घातली. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यासाठी हेच करायची वेळ मागे राहिलेल्यांवर आली. त्या वर्णनात बिशप एकाचंही नाव घेत नाहीत. वडील होते, डीकन होते, साधे सभासद होते, एवढंच.

पुढे शंभर वर्षांनी, 362 साली, सम्राट जुलियनने गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला एक पत्र लिहिलं. तो ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवतांकडे वळलेला होता, आणि त्याला देवळं पुन्हा भरलेली हवी होती. पत्रात त्याची तक्रार अशी की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. मंडळीचा द्वेष करणाऱ्या माणसाच्या नजरेत भरली ती एवढी गोष्ट. आपल्याविषयी आज अशी तक्रार कुणाला करावीशी वाटेल का, हा प्रश्न पंचांच्या पुढच्या बैठकीत अजेंड्यावर घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक माणूस आठवतो, ब्रदर लॉरेन्स. पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात होता, 1691 साली वारला. त्याला स्वयंपाकघराच्या कामाची मुळात नावड होती. तरी भांड्यांच्या गोंगाटात, चार जण चार गोष्टी मागत असताना, आपण गुडघे टेकल्यावर असतो तितकेच देवापाशी असतो, असं तो म्हणे. त्याने काम बदलून मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. तो पंधरा वर्षं तिथेच राहिला.

आता कुणी म्हणेल, मग तुमची मागणी काय? आमच्यासारख्यांची नावं फलकावर लावावीत, शाल घालून सत्कार करावा? कृपा करून नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान लोक तर प्रभूलाच विचारतात, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं, कधी आजारी पाहिलं? त्यांनी हिशोबच ठेवलेला नाही. सत्कार सुरू झाले की हिशोब सुरू होतील.

माझी मागणी त्याच्या उलट आहे. ती ‘सेवेत असलेल्यांची’ यादी वाचणं बंद करा. गायनमंडळात गाणारे गायनमंडळात आहेत, तेवढंच म्हणा. ‘सेवा’ हा शब्द इमारतीतल्या कामांपुरता कोंडून ठेवू नका. आणि आठवड्याच्या सात संध्याकाळींपैकी चार तुम्ही घेत असाल, तर दोन परत द्या. कार्यक्रम कमी झाला म्हणून मंडळी मरत नाही.

दुसरी मागणी झोपेची. आमच्या घरी मंडळीची माणसं प्रार्थनेला येत. सहा-सात जण असायचे. गीत गायचे, वचन वाचायचे, प्रार्थना करायचे आणि निघायचे. त्या भेटींनी मला धीर दिला, ते नाकारणार नाही. सासूबाईंना गीतं आवडत. अर्ध्या ओठांनी त्या सूर धरत. पण एकदा सगळे उठले आणि एक बाई उठल्या नाहीत. चपला घालायला गेल्या नाहीत, त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘यांना वळवायचं कसं ते मला दाखवा.’ मी दाखवलं. पहिल्यांदा त्यांचा हात चुकीच्या जागी पडला, सासूबाई कण्हल्या, त्या घाबरल्या. दुसऱ्यांदा जमलं. मग त्या म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन पडा. दोन तासांनी मी उठवते.’

त्या दर गुरुवारी येत राहिल्या. दुपारी दोन ते चार. साडेसहा वर्षं. मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगू दिलं नाही. पहिल्या गुरुवारी मी झोपेतून उठले तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोठी चूक झाली, कुणीतरी राहून गेलं. धावत खोलीत आले. त्या खुर्चीवर बसून सासूबाईंची नखं कापत होत्या आणि सासूबाई त्यांना अडखळत, तुटक तुटक काहीतरी सांगत होत्या. मला पाहून थांबल्या. नंतर त्या बाईंनी सांगितलं, माझ्याविषयीच बोलत होत्या. काय, ते मी विचारलं नाही.

तेव्हा, पंचसाहेब, प्रत्येक मंडळीत अशी घरं किती आहेत, ते शोधा. अंथरुणाला खिळलेलं माणूस, स्मृती गेलेली आई, कधीच मोठं न होणारं मूल. यादी करायचीच असेल तर ही करा, आणि ती सभेत वाचू नका. प्रत्येक घराला आठवड्यातले दोन तास द्या. सात जणांनी एकदा जाण्यापेक्षा एकाने सात वेळा जावं. आधी शिकून घ्यावं, मग बसावं. गीत म्हणायचं तर म्हणावं, पण चादर बदलता यायला हवी. तरुण संघातल्या मुलांनाही हे शिकवा. उचलताना कंबर कशी सांभाळायची, चमच्याने भरवताना मान किती वर हवी म्हणजे ठसका लागत नाही, दाबल्यावर न फिकी पडणारी लाली कशी ओळखायची. संडे स्कूलच्या बक्षीस समारंभाइतकीच या शिकवणीला तयारी लागेल, जास्त नाही.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेल्या. त्यानंतर काही महिने मी रात्री दोनला उठून बसायचे. हात रिकामे असायचे आणि काय करायचं सुचायचं नाही.

आता गुरुवारी मी एका घरी जाते. तिथल्या गृहस्थांची पत्नी सगळं विसरली आहे. ते रात्रभर तिच्यामागे जागतात, कारण ती दार उघडून निघून जाते. दुपारी दोन तास मी तिच्याजवळ बसते. ती दर दहा मिनिटांनी मला विचारते, ‘तुझं नाव काय गं?’ मी दर वेळी सांगते. तिला ते दर वेळी आवडतं.

यंदाच्या वार्षिक सभेची सूचना मिळाली. सभा गुरुवारी दुपारी तीन वाजता ठेवली आहे. मला येता येणार नाही. त्या वेळात ते गृहस्थ झोपतात.

आपल्यातलीच,
एक बहीण